शिवाराचा ताळेबंद: गावाने मिळून पाणी, माती आणि बियाणं राखायची रीत

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागच्या भिंतीवर दरवर्षी चार ओळी रंगवल्या जातात. यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला, गावाच्या पोटात पाणी किती आहे, माणसांना आणि जनावरांना किती राखलं, रब्बीला किती उरलं. एवढंच. येणारा-जाणारा थांबून वाचतो, शाळेतली पोरं बेरीज तपासतात. माण तालुक्याच्या या दुष्काळी पट्ट्यात लोक पंचांगाइतक्याच भक्तीने ती भिंत बघतात.

या भिंतीमागची नोंदवही माझ्याकडे असते. त्यामुळे पाहुण्यांकडे गेलं की कुणी ना कुणी विचारतंच: आमच्या गावात हे करायचं तर सुरुवात कुठून करू? ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट सांगते. शेणखत, आच्छादन, घरचं बियाणं हे सगळं मी माझ्या तीन एकरांत एकटीने सुरू केलं होतं. दोन-तीन वर्षांत माती भुसभुशीत झाली, गांडुळं दिसू लागली. मग बांधापलीकडे एक खोल बोअर लागला आणि त्या वर्षी माघातच माझ्या विहिरीचा तळ दिसला. बोअर मारणाऱ्याने काही चोरी केली नव्हती, त्याच्याच रानात मारला होता. पण सात-बारा जमिनीचा असतो, तिच्याखालच्या पाण्याचा नसतो. मातीची चांगली शेती एकट्याला करता येते, ती टिकवायला मात्र अख्खं शिवार लागतं. म्हणून माझ्या हिशेबाने क्रम असा: आधी पाण्याची मोजणी, मग गावाचा ठराव, मग पाणी अडवणं, मग माती, आणि त्याला जोडून गायरान आणि बियाणं.

माणसं कोण हवीत

हे काम बघणाऱ्या समितीत बारा-पंधरा जण पुरे. प्रत्येक वाडी-वस्तीचा एक तरी माणूस हवा. विहीरवाला हवा, बोअरवाला हवा, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तोही हवा. भूमिहीन कुटुंबातलं कुणी नसेल तर पिण्याचं पाणी हिशेबात शेवटी ढकललं जातं, हे मी पाहिलं आहे. निम्म्या बाया हव्यात, कारण कोणत्या आठवड्यात कोणता हातपंप दम टाकतो हे त्यांनाच तोंडपाठ असतं. मेंढपाळ हवा. आणि मोटार रिवाइंडिंग करणारा मिस्त्री हवाच हवा. गावात कुणाच्या विहिरीवर किती एचपीची मोटार आहे आणि कुणी गेल्या वर्षी पाईप किती वाढवले हे त्याच्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नसतं.

हे काही नवं खूळ नाही. सावड आणि इरजिक, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून काम करायची रीत, हे शब्द आपल्या आजीला शिकवावे लागले नाहीत. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. फड म्हणजे लागून असलेल्या शेतांचा गट. बंधाऱ्याचं पाणी फडाफडाने फिरायचं, कोणत्या फडात यंदा कोणतं पीक ते सगळे मिळून ठरवायचे, आणि पाणी पाटकरीच सोडायचा. आपण विसरलेलंच पुन्हा शिकतो आहोत.

मोजणी: पाऊस आणि विहिरी

पाऊस मोजायला महागडं यंत्र लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत एकसारख्या रुंदीचं, सरळ भिंतीचं कोणतंही भांडं चालतं. त्यात साठलेल्या पाण्याची खोली साध्या पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. भांडं लहान असो की मोठं, खोली तीच येते. ते झाडापासून आणि पत्र्याच्या कडेपासून लांब, उघड्यावर, जमिनीपासून हातभर उंच बसवायचं. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, लिहायचं, ओतून द्यायचं. मोठ्या शिवारात दोन-तीन ठिकाणी ठेवा. आमच्याकडे डोंगराकडच्या वस्तीवर पाऊस पडतो तेव्हा गावठाणात ऊन असतं, असं कितीतरी वेळा होतं.

विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजा: मे, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच महिन्यांत आपल्या निरीक्षण विहिरी मोजते, त्यामुळे आपली नोंद त्यांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. शिवारभर पसरलेल्या वीस-पंचवीस विहिरी निवडा: काही माथ्याकडच्या, काही ओढ्याकाठच्या. दोराला दर फुटाला गाठ मारा, टोकाला लोखंडी वजन बांधा. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच दोर सोडा. खूण बदलली की हिशेब बिघडतो. मोजणी पहाटे करा, मोटारी बंद असताना. रात्रभर उपसा चालू असलेल्या विहिरीची पातळी खोटी असते.

मी पहिल्यांदा दोर सोडला तेव्हा वजन पाण्याला लागल्याचं कळलंच नाही. विहीर खोल, दोर ओला, हाताला काही जाणवेना. मग एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं, वजनाला एक उलटी वाटी बांध, पाण्याला टेकली की डुबुक आवाज येतो. तेव्हापासून आमच्या दोराला वाटी आहे.

बोअर लपवले जातात, हे गृहीतच धरा. पहिल्या वर्षी आमच्या वहीत निम्मेच बोअर आले. कुणाला वाटलं पाणीपट्टी लावतील, कुणाला वाटलं बंद करायला लावतील. हिशेब कागदावर छान जमला आणि फेब्रुवारीत टँकर आला. दुसऱ्या वर्षी मिस्त्रीला सोबत घेऊन वस्तीवस्तीवर गेलो आणि एवढंच सांगितलं की वहीत नाव आल्याने कुणाचा बोअर बंद होणार नाही, पण वहीत नसलेला बोअर सगळ्यांची विहीर आटवेल. मग आकडे आले.

उपसाही मोजा. दोनशे लिटरचं पिंप पाईपाखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. चाळीस सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. एका एकराला ७५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. त्या मोटारीला ती पाळी द्यायला सतरा तास लागतील. शेतकऱ्याला टक्केवारी पटत नाही, मोटारीचे तास पटतात.

हिशेब मांडायचा कसा

एकच सूत्र पाठ करा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर. हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, सरकारी कागदावर हेच माप असतं.

समजा गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. एकूण पडलेलं पाणी ४,५०० टीसीएम. आकडा ऐकून छाती फुगते, पण त्यातलं बरंचसं खरिपाची पिकं पितात, काही ऊन ओढून घेतं, काही ओढ्याने निघून जातं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे आणि या पाषाणात पावसाचा साधारण सात ते तेरा टक्केच भाग मुरतो. दहा टक्के धरला तर जमिनीखाली ४५० टीसीएम.

हा आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी किती वर आली ते काढा. आपल्या खडकात पाणी धरणारी पोकळी एक ते तीन टक्क्यांच्या घरात असते. पातळी ३ मीटर चढली आणि पोकळी दीड टक्का धरली तर १,००० हेक्टरला ४५० टीसीएमच येतात. दोन्ही उत्तरं जवळपास आली तर पुढे जा. फार फरक असेल तर कुठेतरी मोजमाप चुकलं आहे किंवा डोंगरउताराचं क्षेत्र वजा करायचं राहिलं आहे. भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या पाणलोटासाठी कोणती टक्केवारी धरायची ते विचारून घ्या, तिथले भूवैज्ञानिक सांगतात.

पाझर तलाव, नालाबांध, शेततळी यांत १५० टीसीएम धरले तर एकूण ६०० झाले. आता खर्च.

पहिला हक्क माणसांचा. १,५०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला ३० टीसीएम. मोठी जनावरं ८००, दिवसाला ६० लिटर धरून साडेसतरा. शेळ्यामेंढ्या हजार, सहा लिटरने दोनेक. सगळे मिळून ५०. बाष्पीभवन, खरिपात पावसाने ताण दिला तर द्यायचं संरक्षित पाणी आणि पुढचा पाऊस उशिरा आला तर हाताशी असावी अशी गंगाजळी, यासाठी १५० बाजूला काढा. उरले ४००.

आता हे ४०० पिकांच्या भाषेत सांगा. एक हेक्टर गव्हाला वाफ्याने पाणी दिलं तर साडेचार टीसीएम लागतात. हरभऱ्याला दोन. कांद्याला सहा. रब्बी ज्वारीला दोन पाळ्या दिल्या तर दीड. उसाला वीस. म्हणजे या गावात १०० हेक्टर ज्वारी, ७५ हेक्टर हरभरा, १० हेक्टर कांदा आणि ८ हेक्टर गहू सुखाने होईल, मिळून १९३ हेक्टर. आणि ऊस लावला तर २० हेक्टर. पन्नास एकर उसात गावाचं सगळं पाणी संपतं. आमच्या ग्रामसभेत हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

वेळेची एक अडचण आहे. रब्बी ज्वारी हस्त नक्षत्रात पेरून होते, हरभरा आणि गहू त्यानंतर. ऑक्टोबरअखेरच्या मोजणीची वाट पाहिली तर ज्वारीवाला कधीच मोकळा झालेला असतो. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी अंदाजी ताळेबंद मांडा आणि ज्वारीचं क्षेत्र ठरवा, पक्का ताळेबंद दिवाळीआधी.

ग्रामसभेत ठराव

हिशेब सोपा, ठराव अवघड. इथे घाई करू नका, आणि कुणाला गुन्हेगार ठरवू नका.

हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. नगर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव, पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यांचं. तिथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान ही आदर्श गावाची सूत्रं आधी रुजली, मग शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याच्या ताळेबंदावर पिकं ठरणार हे गावाने मान्य केलं. अनेक गावं त्यातली बंदी तेवढी उचलतात आणि वर्षभरात मोडतात. बंदी पेलायला आधी गावाने काही वर्षं एकत्र घाम गाळलेला असावा लागतो.

त्याहीआधीचा प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असे: पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस नाही. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. हे सगळं जसंच्या तसं आज प्रत्येक गावात जमेल असं मी म्हणत नाही. पण वाटणीचा विचार माणसापासून सुरू झाला की सभेतला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्या ठरावात पहिल्या वर्षी तीनच कलमं होती. नवा बोअर मारण्याआधी समितीला कळवायचं. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्याने भरायचं नाही, कारण जमिनीच्या सावलीत सुरक्षित असलेलं पाणी उपसून उन्हात वाळत घालण्यासारखं ते आहे. आणि ज्याला उन्हाळी पीक घ्यायचं आहे त्याने मार्चच्या मोजणीपर्यंत थांबायचं. बस्स. उसाला आम्ही हात लावला नाही. ज्यांचा होता त्यांनी खोडवा, म्हणजे तोडणीनंतर फुटलेला ऊस, संपेपर्यंत ठेवावा आणि नवी लावण करायचीच तर ठिबकवर, एवढं तोंडी ठरलं. तिसऱ्या वर्षी दोघांनी आपणहून ऊस काढला.

कायद्याचा आधारही माहीत असू द्या. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेता येत नाही. हे वाचून दाखवा, पण काठीसारखं वापरू नका. शेजाऱ्याविरुद्ध अर्ज केला की ती समिती संपली.

पाणी अडवताना माथ्यापासून खाली

मोजणीने उधळपट्टी थांबते, साठा वाढवायला काम लागतं. काम डोंगरमाथ्यावरून सुरू करायचं आणि ओढ्यात शेवटी उतरायचं. गावं उलटं करतात, कारण ओढ्यात जेसीबी चालतो आणि फोटो चांगला येतो. माथा उघडा ठेवून ओढा रुंद केला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. आणि ओढ्यात मुरूम संपून पक्का पाषाण लागला की थांबा. त्याखाली उकरून पाणी मुरत नाही, कडेच्या विहिरींचं पाणी मात्र ओढ्यात पाझरून जातं.

समतल चर आखायला ए-फ्रेम घरी बनते. सात-सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधा, पाय पसरा, मध्ये छातीच्या उंचीवर आडवी काठी बांधा. शेंड्यापासून ओळंब्यासारखा दोरीला दगड लटकवा. आता दोन पाय दोन खुणांवर ठेवून दोरी आडव्या काठीला कुठे लागते तिथे रेघ मारा. पाय उलटे करून, म्हणजे डावा उजव्याच्या जागी ठेवून, दुसरी रेघ मारा. दोन्हींचा मध्य म्हणजे समतल. मग एक पाय रोवून दुसरा वरखाली सरकवत दोरी मध्यावर आणायची, तिथे चुन्याची फक्की टाकायची, पुढे चालायचं. दोन पोरं तासाभरात शिकतात. रोजच्या वापराचा चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. एका मीटरमध्ये १८० लिटर, शंभर मीटरमध्ये १८ हजार लिटर, तेही दर मोठ्या पावसाला नव्याने. काढलेली माती उताराच्या खालच्या बाजूला, आणि तिच्यावर पहिल्याच पावसात गवताचं बी टाका. भराव उघडा राहिला तर तोच चरात वाहून येतो.

माती: ढेकूळ आणि बरणी

मातीबद्दल सभेत भाषण करू नका, दोन बरण्या ठेवा. पाण्याने भरलेल्या एका बरणीत दरवर्षी नांगरलेल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ टाका, दुसरीत बांधावरच्या जुन्या गवताखालचं. पहिलं बघता बघता विरघळून पाणी गढूळ होतं. दुसरं बराच वेळ धरून राहतं, कारण मुळांनी आणि कुजलेल्या पाल्याने ते बांधलेलं असतं. पावसाच्या थेंबाखाली रानात हेच होतं. पहिलं ढेकूळ विरघळून वरचे छिद्र बुजवतं, पाणी मुरत नाही, वाहून जातं. हे पाहिलं की आच्छादन कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग माती परीक्षण. एका प्लॉटमध्ये नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची पातळ खाप काढा. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. सगळी गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. अहवालात सगळ्यात आधी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, बघा. आपल्याकडे तो पुष्कळ रानांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली निघतो.

कर्ब वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काडी पेटवायची नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, ज्वारीची धसकटं: ज्याला आपण कचरा म्हणून जाळतो तेच रानाचं जेवण आहे. अडचण अशी की पऱ्हाट्यांचे तुकडे हाताने होत नाहीत. इथे गाव कामाला येतं. ट्रॅक्टरवर चालणारं कुट्टी यंत्र एका शेतकऱ्याला परवडत नाही, बचत गटाने किंवा वीस जणांनी मिळून घेतलं तर तासाच्या भाड्यावर सगळ्यांचं काम होतं. कपाशीवाल्यांनी डिसेंबरअखेर पीक संपवावं, फरदड (वेचणी संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी) घेऊ नये आणि पऱ्हाट्यांची लगेच कुट्टी करावी. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांतच दडून पुढचा हंगाम गाठते.

जीवामृताबद्दल लोक मला फार विचारतात. कृती सगळ्यांना ठाऊक आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. रोज दोनदा ढवळून दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचं, आठवड्याच्या आत एका एकराला द्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: ते विरजण आहे. दही लागायला आधी दूध हवं. रानात काडीकचराच नसेल तर उघड्या मातीवर जीवामृत ओतून फार काही हाती लागत नाही. आधी आच्छादन, वाफसा (मातीतली बेताची ओल) टिकू द्या, मग विरजण.

ज्यांच्याकडे जनावरं कमी आहेत त्यांनी नाडेप टाकी बांधावी. यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत, नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांत भोकं ठेवलेली. काडीकचऱ्याचा थर, शेणकाल्याचा शिडकावा, वर माती, असे थर रचत टाकी भरायची. शेण शंभर किलोच्या आसपास लागतं, म्हणजे फार थोडं, आणि तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत निघतं. आमच्याकडे जमीन नसलेल्या बायांचा गट दोन टाक्या चालवतो आणि खत गावातच विकतो. गावचा काडीकचरा त्यांच्याकडे, त्यांचं खत गावच्या रानात.

बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) छाटं लावा. वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला पिकाच्या ओळींत पसरता येतो. आणि नांगरट कमी करण्याचा विचार करा. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यांची पद्धत बसवली: वाफे एकदाच करायचे, पुढे नांगरायचं नाही, चिखलणी नाही, आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. या पद्धतीत तणनाशक वापरतात आणि त्यावर मतभेद आहेत. मी स्वतः तणनाशक टाळते, तण कापून तिथेच अंथरते. मजुरी वाढते, हे खरं आहे, म्हणून एका वेळी अर्धा एकरच करते. मुळं न उपटण्याचं तत्त्व मात्र कोणत्याही पिकाला लागू पडतं. तूर कापा, उपटू नका.

गायरान आणि मेंढपाळ

चराईबंदी हा शब्द सभेत टाकण्याआधी चारा कुठून येणार ते ठरवा. गायरानाचे तीन तुकडे पाडा. एक तुकडा यंदा पूर्ण बंद, दुसऱ्यातलं गवत फक्त विळ्याने कापून डोक्यावरून न्यायचं, तिसरा चरायला मोकळा. दरवर्षी तुकडे फिरवा. भाऱ्याला थोडे पैसे ठेवले तर राखणदाराची मजुरी निघते. कुऱ्हाड बंद, वाळलेलं लाकूड मोकळं.

यात ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं तो धनगर. त्याला विचारल्याशिवाय केलेली बंदी रात्रीतून मोडते, आणि मोडावीच. उलट त्याच्याशी करार करा. सुगीनंतर रानात मेंढ्या बसवायच्या, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, ही आपली जुनीच रीत. एका रात्रीत लेंड्या आणि मूत्र थेट मातीत मिळतं, वाहतूक नाही, उकिरडा नाही. गेल्या वर्षी आम्ही याद्या केल्या: कुणाच्या रानात कोणत्या रात्री कळप बसणार, धान्य किती. कळपवाल्याला चार महिन्यांची खात्री मिळाली, आम्हाला खत.

बियाणं

इथे थोडक्यात सांगते. सरळ वाण, म्हणजे मालदांडी ज्वारी, हरभरा, तूर, सोयाबीन, यांचं बी घरी राखता येतं. संकरित वाणांचं राखलेलं बी पुढच्या वर्षी तसंच उगवेल याची हमी नसते, त्याच्या नादी लागू नका. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, ती घरोघरच्या मडक्यांतून गोळा केलेल्या बियांसाठी. तुमच्या गावातही एखादी म्हातारी असेलच जिच्याकडे राखेत ठेवलेला पावट्याचा किंवा भोपळ्याचा वाण आहे. तिच्यापासून सुरुवात करा. बी नेणाऱ्याने पुढच्या सुगीला दुप्पट परत करायचं, एवढा एक नियम पुरतो.

पेरणीआधी उगवण तपासाच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी मोजा. सोयाबीनचे सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी पुरतं. साठ उगवले तर तेवढ्या प्रमाणात बी वाढवा. त्याहून फार खाली असेल तर ते बी दळणाला. आमच्या शाळेतली पोरं मे महिन्यात घरोघरच्या बियांची अशी तपासणी करून चिठ्ठी देतात, आणि त्या चिठ्ठीवर लोक कृषी केंद्राच्या पावतीइतका विश्वास ठेवतात.

जानेवारीची मोजणी चुकवू नका

समित्या ऑक्टोबरला उत्साहात असतात आणि जानेवारीत लग्नाच्या गडबडीत. पण अंदाज कितपत खरा ठरतोय ते जानेवारीच्या मोजणीतच कळतं. ठरल्यापेक्षा पातळी जास्त घसरली असेल तर अजून दोन महिने हातात असतात: हरभऱ्याची शेवटची पाळी टाळता येते, कांद्याचं क्षेत्र वाढवणाऱ्याला थांबवता येतं, कुणाच्या मोटारीचे तास वाढले ते पाहता येतं. गेल्या जानेवारीत आमच्या ओढ्याकाठच्या सहा विहिरी अपेक्षेपेक्षा चार फुटांनी खाली निघाल्या. वरच्या वस्तीवर कुणीतरी कलिंगडासाठी रात्री मोटार चालवत होतं. समितीतल्या दोन बाया त्याच्या घरी गेल्या, चहा घेतला, वही दाखवली. त्याने अर्ध्या रानावर मल्चिंग घातलं आणि उरलेलं सोडलं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी देवळामागची भिंत पुसून चौथी ओळ नव्याने रंगवली. उन्हाळी पिकासाठी त्या वर्षी शून्य लिहिलं होतं. मे महिन्यात टँकर आला नाही.